बियाण्याची तक्रार : निनावी की सहीनिशी?

पेरलेले बियाणे उगवले नाही तर तक्रार करावी, असे सर्वांनाच वाटते. परंतु ज्या दुकानातून उधारीवर खते-बियाणे मिळतात, त्याच दुकानदाराविरुद्ध सही करण्यास मन धजत नाही. मग निनावी पत्र टाकले जाते. अशा पत्राचा उपयोग कोठे होतो व कोठे होत नाही, हे समजून घ्यावे.

फायदे : बियाणे कायदा, १९६६ नुसार बियाणे निरीक्षकास विक्रीच्या ठिकाणी तपासणी करण्याचा व नमुना घेण्याचा अधिकार आहे. त्यामुळे विनापरवाना विक्री, लेबल नसलेली पाकिटे किंवा लपविलेला साठा यांची माहिती निनावी असली तरी कामी येते. पुरावा निरीक्षक स्वतः गोळा करतो. कळविणाऱ्यावर कोणाचा रोषही येत नाही. मात्र दुकान, गाव, वाण व लॉट नंबर स्पष्ट लिहावा.

तोटे :
१) उगवणीचा पुरावा आपल्याच शेतात असतो. नाव व शेताचा गट नंबर नसेल तर तालुका तक्रार निवारण समितीने पाहणी करावी कोठे?
२) पंचनामा नसेल तर नुकसानभरपाईची मागणी टिकत नाही.
३) प्रतिस्पर्धी विक्रेत्याने आकसाने लिहिलेले पत्रही असेच दिसते. त्यामुळे खऱ्या पत्रावरील विश्वासही कमी होतो.

काय करावे?
१) पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवणशक्ती तपासावी. सोयाबीनसाठी किमान प्रमाण ७० टक्के आहे.
२) पावती, पिशवी, टॅग व थोडे बियाणे जपून ठेवावे.
३) उगवण कमी दिसताच पीक न मोडता कृषी अधिकाऱ्याकडे लेखी, सहीनिशी तक्रार द्यावी व पोहोच घ्यावी.
४) एकट्याने भीती वाटत असल्यास त्याच लॉटचे बियाणे पेरलेल्या शेतकऱ्यांनी एकत्रित अर्ज करावा. दहा सह्यांमध्ये एकट्यावर रोष येत नाही आणि पुरावाही बळकट होतो.
५) भरपाई न मिळाल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केले आहे.

थोडक्यात, बेकायदा साठ्याची खबर निनावी दिली तरी चालते. परंतु आपल्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर सही करावीच लागते.