एकाच खोक्यातली काडतुसे सारखी असतात का?
(सरासरी, मध्यक व विस्तार – इयत्ता ७ वी व ८ वी साठी पूरक पाठ)



१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण घेऊन सुवर्णपदक जिंकले. साहजिकच मुले नेमबाजीबद्दल खूप प्रश्न विचारतात. त्यातला एक प्रश्न गणिताच्या तासाला फार उपयोगी पडतो : "सर, सगळ्यात भारी काडतूस कोणतं?"

उत्तर ऐकून मुले चक्रावतात. सगळ्यांसाठी भारी असे एकच काडतूस नसतेच! ते का नसते, आणि मग खेळाडू निवड कशी करतो, हे आज पाहू.

आधी थोडी माहिती

या स्पर्धेत .२२ बोअरची (पॉइंट टू-टू) रायफल वापरतात. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिमी आणि वजन साधारण २.६ ग्रॅम. गोळी शिशाची असते व तिच्यावर वंगणाचा पातळ थर असतो. या काडतुसात ठिणगी देणारे मिश्रण पितळी टोपणाच्या काठात भरलेले असते. काठावर आघात झाला की ते पेटते. एकदा वापरलेले टोपण पुन्हा भरता येत नाही. मोठ्या बोअरच्या रायफलीसाठी काही नेमबाज काडतुसे स्वतः भरतात, इथे तो मार्ग बंद. कारखान्यातून आलेल्या मालातूनच निवडायचे.

आता लक्ष्याची मापे फळ्यावर लिहा. १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिमी, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात, आणि मध्यापासून दर ०.८ मिमी दूर गेले की ०.१ गुण कमी होतो. पट्टीवरचा एक मिलिमीटर किती महाग असू शकतो, हे मुलांना इथे कळते.

फरक पडतो कुठे?

एक सोपे गणित घ्या. गोळी ५० मीटर अंतर सरासरी ३२० मीटर प्रतिसेकंद वेगाने कापते असे धरू. वेळ लागला ०.१५६ सेकंद. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे ती सुमारे १२ सेंमी खाली येते. खेळाडूने साइट तशी लावलेली असते, म्हणून गोळी मध्यावर लागते. आता पुढच्या काडतुसात दारू किंचित कमी जळली आणि वेग ३१० झाला. गोळी आधीच्यापेक्षा सुमारे ८ मिमी खाली लागेल. जवळजवळ एक पूर्ण गुण गेला! खेळाडूचा नेम बरोबर होता, श्वास बरोबर होता, बोटही हलले नाही. तरी गुण गेला.

म्हणून कंपनी खोक्यावर लॉट क्रमांक छापते. एकाच वेळी, एकाच साहित्यातून बनलेला माल म्हणजे एक लॉट. लॉट बदलला की दारू, ठिणगीचे मिश्रण, गोळीचा आकार, वंगण यांत सूक्ष्म फरक पडू शकतो. इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस ही या खेळातली नावाजलेली नावे. पण नाव तेच असले तरी लॉट बदलला की निकाल बदलू शकतो.

दुसरी बाजू रायफलीची. प्रत्येक नळीचा आतला भाग किंचित वेगळा असतो आणि गोळी सुटताना नळी आपल्या पद्धतीने कंप पावते. एका रायफलीला मानवलेला लॉट शेजारच्या रायफलीला मानवेलच असे नाही. म्हणूनच जगभरचे नेमबाज आपली रायफल घेऊन लॉट तपासायला जातात. लापुआची चाचणी जर्मनीतील शोनेबेक येथे होते, एलीची बर्मिंगहॅमला.

चाचणी न्याय्य कशी करायची?

विज्ञानात आपण शिकवतो की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथेही तेच.

१. रायफल तीच, अंतर तेच (५० मीटर), हवा शांत. बंदिस्त रेंज असेल तर उत्तम.
२. रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची किंवा भक्कम आधारावर ठेवायची. माणसाची चूक शक्य तितकी बाजूला काढायची.
३. लॉट बदलल्यावर पहिल्या काही गोळ्या मोजायच्या नाहीत. नळीत आधीच्या लॉटचे वंगण राहिलेले असते.
४. दहा-दहा गोळ्यांचे अनेक ग्रुप घ्यायचे. ग्रुप म्हणजे कागदावर पडलेल्या छिद्रांचा पुंजका.
५. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांतील अंतर मोजून त्यातून ५.६ मिमी वजा करायचे. हे झाले मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर.

ग्रुप मध्यापासून बाजूला पडला तरी चालतो, हे मुलांना आवर्जून सांगा. साइट फिरवून तो मध्यावर आणता येतो. विखुरलेला ग्रुप मात्र कोणतीही साइट गोळा करू शकत नाही.

वर्गात सोडवायचे उदाहरण

(आकडे सरावासाठी घेतले आहेत. ग्रुपचे माप मिमी मध्ये.)

लॉट अ : १४, १५, १६, १५, १५
लॉट ब : १०, ११, २४, १२, १३
लॉट क : ६ (तीन गोळ्यांचा एकच ग्रुप)

मुलांना आधी अंदाजाने निवडू द्या. बहुतेक हात 'क' साठी वर जातील. मग आकडेमोड करा. अ ची सरासरी १५, मध्यक १५, विस्तार २ (सर्वांत मोठे वजा सर्वांत लहान). ब ची सरासरी १४, मध्यक १२, विस्तार १४.

फक्त सरासरी पाहिली तर ब जिंकतो. पण साठ गोळ्यांच्या सामन्यात तो २४ चा ग्रुप मध्येच आला तर? उद्या सामना असेल तर अ घेणे शहाणपणाचे. वेळ व काडतुसे हाताशी असतील तर ब चे आणखी ग्रुप घेऊन पाहावे : २४ पुन्हा येतो का? आणि क? त्याच्याबद्दल अजून काहीच ठरवता येत नाही. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात.

कृती

ही कृती फक्त कागद-पेनाची आहे. जमिनीवर चौकटीचा कागद ठेवा. टोपण काढलेले स्केचपेन गुडघ्याच्या उंचीवरून एकाच फुलीवर दहा वेळा सोडा. तीन ठिपक्यांनंतर, पाच ठिपक्यांनंतर आणि दहा ठिपक्यांनंतर सर्वांत दूरच्या दोन ठिपक्यांतील अंतर मोजा. हे अंतर कधी कमी झाले का? होऊच शकत नाही! नवा ठिपका पडल्यावर ते तेवढेच राहील किंवा वाढेल. तीन गोळ्यांच्या ग्रुपची तुलना दहांच्या ग्रुपशी का करू नये, हे मुलांना स्वतःच्या हाताने समजते.

पालकांसाठी दोन शब्द

मूल नेमबाजी शिकत असेल तर सुरुवात १० मीटर एअर रायफलने होते. त्यात ४.५ मिमी चे छर्रे वापरतात आणि चाचणीची पद्धत तीच. .२२ ची काडतुसे व रायफल शस्त्र अधिनियम १९५९ खाली येतात, त्यामुळे परवाना, खरेदी व साठवण नियमाप्रमाणे, क्लब आणि प्रशिक्षकांच्या मार्गदर्शनानेच. छर्रे असोत वा गोळ्या, सरावानंतर हात साबणाने धुवायला लावा, कारण शिसे पोटात जाणे घातक.

खर्चाचेही बोलू. सर्वांत महाग खोके घेऊन दिले म्हणजे आपले काम झाले, असे नाही. कमी किमतीचा पण रायफलीला मानवणारा लॉट कधी कधी महागड्यापेक्षा चांगला ग्रुप देतो. चाचणीपुरती थोडी थोडी काडतुसे घ्या. चांगला लॉट सापडला की हंगामापुरता तोच क्रमांक परवान्याच्या मर्यादेत घेऊन ठेवा. संपल्यावर तो पुन्हा मिळत नाही. वेगवेगळे लॉट एकत्र मिसळू नका.

आणि एक महत्त्वाचे. गुण कमी आले की "तुझं लक्षच नव्हतं" हे वाक्य आपल्या तोंडी लगेच येते. कधी ते खरे असते, कधी दोष लॉटचा असतो. कोणाचा, हे चाचणी सांगते, आपला राग नव्हे. उलटही खरे आहे : चाचणी केलेला लॉट हातात असेल तर मुलालाही काडतुसावर खापर फोडता येत नाही.

आम्हा शिक्षकांनाही हे लागू आहे. एका घटक चाचणीवरून मुलाला 'हुशार' किंवा 'कच्चा' ठरवणे म्हणजे तीन गोळ्यांवरून लॉट ठरवणे.

स्वाध्याय

१. लॉट ड : १३, १४, १३, १७, १३. सरासरी, मध्यक व विस्तार काढा. अ आणि ड यांपैकी कोणता निवडाल? कारण लिहा.
२. वेग ३२० ऐवजी ३१५ झाला तर गोळी सुमारे किती मिमी खाली लागेल?
३. तुमच्या घरात 'महाग तेच चांगले' असे समजून घेतली जाणारी एक वस्तू निवडा. तिची न्याय्य चाचणी कशी कराल ते पाच ओळींत लिहा.