सापाची लस : साठा मोजायचा कसा?

पाऊस सुरू झाला की तारोडी, डोंगरी, उत्तन या डोंगराच्या पट्ट्यात साप दिसू लागतात. संध्याकाळी वाडीत गवत काढताना एखाद्याच्या पायाला फुरसे डसले, तर घरच्यांपुढे एकच प्रश्न असतो : लस कुठे मिळेल? जवळच्या आरोग्य केंद्रात, की थेट भाईंदर पश्चिमेच्या भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात? याचे उत्तर डॉक्टरांपेक्षा औषध भांडाराच्या नोंदवहीवर अधिक अवलंबून असते. म्हणून आज त्या नोंदवहीविषयी.

लोक जिला सापाची लस म्हणतात ती खरे तर लस नव्हे, ते प्रतिसर्पविष. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचून त्याच्या रक्तापासून ते तयार करतात. परळच्या हाफकिनचे नाव या कामात जुने आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर ते चालते. विषबाधेची लक्षणे दिसली की सुरुवातीलाच साधारण १० कुप्या शिरेतून द्याव्या लागतात, कधी पुन्हा तेवढ्याच. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण साप समोरच्याचे वय पाहून विष सोडत नाही.

आता हिशेब पाहा. तापाच्या गोळ्यांची मागणी महिन्याच्या सरासरी खपावरून करतात आणि ते बरोबरच आहे. तीच रीत प्रतिसर्पविषाला लावली की घोटाळा होतो. समजा, एका केंद्रात वर्षभरात ४० कुप्या खर्च झाल्या. महिन्याची सरासरी तीन-साडेतीन. तीन महिन्यांचा साठा म्हणून १० कुप्या ठेवल्या, कागदावर सारे ठीक! पण त्या ४० कुप्या म्हणजे दोन-तीन रुग्ण, आणि तेही बहुधा पावसाळ्यातले. पहिल्याच रुग्णाला १० गेल्या की कपाट रिकामे. उलट हिवाळ्यात खप शून्य दिसला म्हणून मागणीही शून्य. चार कुप्या उरलेले केंद्रही अहवालात 'औषध उपलब्ध' असेच दाखवते. माझ्या मते हा साठा कुप्यांत मोजूच नये, 'किती रुग्णांचा पुरा उपचार होईल' असा मोजावा.

राज्यात खरेदीची घडीही बरीच बदलली. २०१७ पासून सरकारी रुग्णालयांची एकत्रित खरेदी हाफकिन महामंडळाकडे गेली. औषधे वेळेवर येत नाहीत अशा तक्रारी झाल्या आणि २०२३ मध्ये कायदा करून वेगळे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण नेमले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. नातेवाईक म्हणाले, औषधे बाहेरून आणावी लागली. प्रशासन म्हणाले, साठा पुरेसा होता. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. भांडारात माल असणे आणि खाटेजवळ औषध असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'ई-औषधी'च्या संगणकावर आकडा दिसतो खरा, पण कोणीतरी कपाट उघडून तो पडताळला पाहिजे. महिन्यात किती दिवस कपाट रिकामे होते, हेही लिहिले पाहिजे.

मुदतीचे तसेच. जिथे दंशाचे रुग्ण क्वचित येतात तिथल्या कुप्यांची मुदत संपत आली, तर त्या वेळीच मोठ्या रुग्णालयाला द्याव्यात आणि बदल्यात ताज्या घ्याव्यात. भुकटीच्या रूपातल्या कुप्यांना सहसा शीतकपाट लागत नाही. द्रवरूप असतील तर २ ते ८ अंश तापमान सांभाळावे लागते.

दंश झालाच तर दोरी आवळू नये, जखम चिरू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करावा. आणि पाऊस सुरू होण्यापूर्वीच वाडीतल्या दोघा-चौघांनी केंद्रात जाऊन यावे. 'लस आहे का?' एवढेच विचारू नये. कुप्या किती, मुदत कधीपर्यंत आणि रात्री कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे विचारावे.