गाडीचं काय, माणसाचं काय

बाळा, स्विफ्ट विकून स्कॉर्पिओ-एन घ्यायचं ठरलंय, हे वहिनीकडून कळलं. बरं वाटलं. किती दिवसांपासून तुझ्या मनात ती गाडी होती हे मला ठाऊक आहे. स्विफ्टच्या विम्याचे अजून पाच महिने शिल्लक आहेत आणि तू म्हणतोयस, ‘आत्या, आहे तोच विमा नव्या गाडीला लावून टाकू.’ मी उभी नोकरी मोटार विम्याच्या काउंटरवर काढली. तेव्हा हे मीच तुला सांगायला हवं, आणि गाडी दारात यायच्या आत सांगायला हवं.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. पॉलिसीचा कागद एकच असला तरी त्यातलं काही गाडीचं असतं आणि काही माणसाचं असतं. गाडीचं असतं ते गाडीबरोबर जातं, माणसाचं असतं ते माणसाकडे राहतं. गाडी बदलताना ज्यांचे पैसे बुडतात, त्यांनी बहुतेक वेळा या दोन्हींची सरमिसळ केलेली असते.

थर्ड पार्टी हे गाडीचं. तुझ्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा हा भाग १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा केला आहे. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, वरून ठरून येतो. १ जून २०२२ पासूनच्या तक्त्यात खासगी मोटारींचे तीन टप्पे आहेत. १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. तुझी स्विफ्ट ११९७ सीसीची, म्हणजे मधल्या टप्प्यातली. तू घेतोयस ती पेट्रोल स्कॉर्पिओ १९९७ सीसीची, म्हणजे थेट वरच्या टप्प्यातली. या तक्त्याला इंजिनाची ताकद दिसत नाही, फक्त सीसी दिसतात. ११९९ सीसीची टर्बो नेक्सॉन स्विफ्टपेक्षा कितीतरी जोरात पळते, पण थर्ड पार्टीला दोघींचा दर एकच. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं गाड्यांचे पन्नास गट करून त्यात वेग आणि ताकदही धरत आले. आपल्याकडे ती ताकद धरली जाते ती दुसऱ्या भागात, ओन डॅमेजमध्ये.

ओन डॅमेज म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. याचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्या आपापले लावतात. गाडीची किंमत, सुट्या भागांचा खर्च, त्या मॉडेलचे किती क्लेम येतात, हे सगळं त्यात येतं. नोंदणी कुठली हेही येतं. पुणे-मुंबई ए झोनमध्ये, आपलं धाराशिव बी झोनमध्ये. म्हणून एमएच-२५ ची गाडी थोडी स्वस्तात सुटते. सक्तीची वजावट मात्र वाढेल. १५०० सीसीपर्यंत क्लेममागे एक हजार रुपये आपण सोसायचे असतात, त्यावरच्या गाडीला दोन हजार.

आता ‘आहे तोच विमा लावून टाकू’बद्दल. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये याची सोय आहे. त्याच वर्गातली दुसरी गाडी उरलेल्या मुदतीसाठी जुनीच्या जागी घालता येते आणि प्रीमियममधला फरक दिवसांच्या हिशेबानं भरायचा असतो. पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस धर. थर्ड पार्टीतला ४,४८१ रुपयांचा वार्षिक फरक त्या दिवसांपुरता साधारण १,८४० येतो, वर १८ टक्के जीएसटी. ओन डॅमेजचा फरक याहून बराच मोठा निघेल. काही कंपन्या असा बदल करून देतात, काही सरळ नवी पॉलिसी घ्या म्हणतात. शोरूममधून कोरी गाडी घेणार असलास तर हा विचारच सोडून दे, कारण सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो.

यातला धोका काउंटरपलीकडच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. विमा नव्या गाडीवर गेला त्या क्षणी जुनी गाडी उघडी पडते. तुमच्या अंगणात स्विफ्ट उभी आहे, आरसीवर अजून घरचंच नाव आहे, आणि ढोकीचा कोणी गिऱ्हाईक म्हणाला, ‘एक चक्कर मारून आणतो.’ त्या एका चक्करीत काही झालं तर भरपाई घरातून जाईल. म्हणून स्विफ्ट विकून, नावावरून उतरवून झाल्याशिवाय तिचा विमा हलवू नकोस. आठ-पंधरा दिवस दोन गाड्यांचे दोन विमे चालले तरी चालू देत. २०२४ पासून, क्लेम घेतलेला नसेल तर, पॉलिसी मध्येच रद्द करून उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात, तेव्हा तो खर्च वाया जात नाही.

आता माणसाचं काय ते. नो क्लेम बोनस. क्लेम न घेता वर्षं काढली की ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० टक्क्यांपासून सवलत सुरू होते, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. तुमच्या स्विफ्टला पन्नास टक्के लागलेत. ही सवलत गाडीची नाही, ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याची आहे. टक्का तोच राहतो पण मोठ्या गाडीवर रुपये मोठे होतात. ओन डॅमेज सहा हजार असेल तर तीन हजार वाचतात, तीस हजार असेल तर पंधरा हजार. म्हणून चांगली गाडी घेताना हा बोनस हातचा जाणं जास्त महागात पडतं.

आणि इथेच तुमच्या घरची अडचण आहे. स्विफ्ट दादाच्या, म्हणजे तुझ्या बापाच्या, नावावर आहे. चालवतोस तू, हप्ते फेडलेस तू, पण बोनस दादाचा. स्कॉर्पिओ तुझ्या नावावर घेतलीस तर तो पन्नास टक्के तुला मिळणार नाही. बापाचा बोनस मुलाकडे येतो तो बापाच्या पश्चातच, आणि ती वेळ न येवो. तेव्हा दादाशी बसून बोल. गाडी त्याच्या नावावर घ्यायची असेल तर बोनस वाचेल, पण मग कर्ज, आरसी, सगळंच त्याच्या नावावर येईल. तुझ्या नावावर घ्यायची असेल तर शून्यापासून सुरू करायची तयारी ठेव. माझं मत विचारशील तर गाडी तुझ्या नावावर असावी. अपघाताचा पंधरा लाखांचा सक्तीचा विमा मालक-चालकाचा असतो. लांबचं गाडी चालवणं दादानं सोडलंय, चाकामागे तू असणार. पंधरा हजारांसाठी ते कवच चालवणाऱ्यावरून काढून घरी बसणाऱ्यावर घालू नये.

दादाचा बोनस तरीही फुकट घालवू नका. स्विफ्ट विकल्यावर आरसी बदलल्याचा पुरावा देऊन कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागा. ते तीन वर्षं चालतं. उद्या दादानं वहिनीला घेऊन फिरायला एखादी लहान गाडी घेतली तर तिथे कामी येईल. तुझ्या फॉर्मवर मात्र तो बोनस लिहू नकोस, एजंटानं ‘लिहून टाका, कोण बघतंय’ म्हटलं तरी नको. नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते, आणि खोटा बोनस निघाला की नेमका क्लेमच्या वेळी हात वर करते.

गाडी सोलापुरातून सेकंडहँड घेतलीस तर विकणारा म्हणेल, विमा आहेच, आठ महिने बाकी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नं थर्ड पार्टी आपोआप तुझ्याकडे येते. ओन डॅमेज येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे १९९५ मध्येच स्पष्ट केलंय. चौदा दिवसांत अर्ज करून पॉलिसी तुझ्या नावावर करून घ्यावी लागते, आणि त्या माणसाचा बोनस त्याचा असल्यामुळे तेवढा फरक तुला भरावा लागतो. मला विचारशील तर स्वतःच्या नावाची नवी पॉलिसी घे आणि गाडी ताब्यात घ्यायच्या आदल्या दिवशी पैसे भर. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे प्रीमियम पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. पॉलिसीवर तारखेशेजारी वेळ छापलेली असते, ती वाच. बऱ्याचदा त्या रात्री बारानंतरची असते. संध्याकाळी पैसे भरून तसाच तुळजापूरवरून तेरला निघालास तर तेवढ्या रस्त्यावर ओन डॅमेज तुझ्या बाजूला नसेल.

कागद हातात आल्यावर एक काम दोघांनी मिळून करा. चॅसिस क्रमांक सतरा अक्षरांचा असतो. एकानं गाडीवरचा क्रमांक एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पॉलिसीवर पेन्सिलनं टिंब करत जायचं. शून्य आणि डी, आठ आणि बी, पाच आणि एस इथे टायपिंगची गडबड होते. मग इंजिन क्रमांक, सीसी, आसनसंख्या, इंधन आणि कर्ज असेल तर बँकेचं नाव. गोरोबाकाकांनी आपल्याच गावात, तेरला, संतमंडळींची डोकी थापटण्यानं ठोकून कच्चं-पक्कं पाहिलं, तशी पॉलिसी अक्षर न् अक्षर ठोकून बघ. चूक आजच्या आज एका अर्जात दुरुस्त होते. अपघातानंतर तीच चूक महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करायला लावते.

स्विफ्ट विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन थांबू नका. आरसीवर नवं नाव चढलंय का हे परिवहनच्या साइटवर दादानं स्वतः बघावं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, गाडी हातोहात विकली गेली होती पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं अपघाताची भरपाई त्या पहिल्या मालकावर ठेवली.

नवरात्रात तुळजापूरला, आषाढीत पंढरपूरला लोक गाडी मागतील. सात जण बसतात, पेट्रोल टाकतो, वर दोन हजार देतो, म्हणतील. घरची माणसं कितीही ने, कोणी अडवत नाही. पण पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारलं आणि काही झालं तर क्लेम अडतो, पोलिसांच्या जबाबात ‘भाड्यानं नेत होतो’ हे वाक्य आलं की संपलंच. इंजिनाची ताकद वाढवून देतो म्हणून संगणकातलं सेटिंग बदलणारे लातूर-सोलापूरकडे भेटतील, त्यांनाही गाडी देऊ नकोस. गाडी कंपनीतून आली त्यात मुळातला बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, आणि सांगितल्याशिवाय केलेला बदल विमा कंपनीला आयतं कारण देतो.

अॅड-ऑनमध्ये एजंट दहा गोष्टी दाखवेल. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई, ते घे, इंजिन प्रोटेक्शन घे, बाकीचं सावकाश वाचून ठरव. इंजिन प्रोटेक्शन आपल्या भागाला लागतंच. तेरणेला पाणी आलं की फरशी पुलावरून पलीकडे जाण्याचा मोह मोठ्या गाडीवाल्यालाच जास्त होतो, कारण त्याला गाडीच्या उंचीचा भरवसा असतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नकोस, बटण दाबू नकोस. इंजिनात पाणी ओढलं जाऊन ते आतून मोडतं, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. गाडी तशीच सोड, आधी तू बाहेर ये, पॉलिसीवरचा टोल-फ्री क्रमांक लाव आणि गाडी ओढून न्यायला सांग. तो क्रमांक आजच मोबाइलमध्ये घालून ठेव, दादाच्याही आणि वहिनीच्याही.