'शुगर-फ्री' तुम्हांला सोसते का?
मधुमेहाचे रुग्ण मला नेहमी विचारतात, "डॉक्टर, शुगर-फ्री मिठाई चालेल का?" थोडी चालेल, पण सर्वांना ती सारखीच सोसते असे नाही. अशा मिठाईत, बिस्किटांत बहुधा सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असते. ते लहान आतड्यात पूर्ण शोषले जात नाही. उरलेला भाग आतड्यात पाणी ओढतो, जंतूंमुळे आंबतो. मग पोट फुगते, जुलाब होतात. एखाद्याला दोन बिस्किटेही बाधतात. रुग्ण मात्र दोष देतात मधुमेहाच्या गोळीला आणि ती परस्पर बंद करतात! त्याने रक्तातील साखर वाढते. मेटफॉर्मिननेही काहींचे पोट बिघडते, हे खरे. म्हणून वेष्टनावरील घटक वाचा, तीन-चार दिवस ही मिठाई सोडून पाहा. तरीही जुलाब थांबले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने सोडू नका.