पाचवी पुन्हा करायची का?

प्रश्न: मुलगा पाचवीत नापास झालाय. पुनर्परीक्षा द्यावी की वर्ष पुन्हा करू द्यावं?

उत्तर: ताई, आधी पुनर्परीक्षाच. शिक्षण हक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार निकालापासून दोन महिन्यांत ती संधी आणि त्याआधी जादा शिकवणी मिळायलाच हवी. शाळेकडे ती मागा.

आज रात्री त्याला गणिताचं एक शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळतो, पण तुम्ही वाचून दाखवलं की झटकन सोडवतो? मग कच्चं आहे ते वाचन. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तेच पुस्तक तसंच वर्षभर पुन्हा शिकवून ही अडचण सुटत नाही. शिवाय मित्र पुढे गेले की पोराच्या जिवाला फार लागतं.

लांबलेल्या आजारपणात शाळा बुडाली असेल तर मात्र मी वर्ष पुन्हा करायला हो म्हणेन, तेही त्याच्याशी बोलूनच.