कॅप्टनला कोण विचारणार?

पॉवर म्हटलं की आपल्याला वॅट आठवतो. पण माणसांमधल्या पॉवरचेही प्रकार पाडता येतात. जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन यांनी १९५९ साली ते पाच सांगितले: बक्षीस देण्याची, शिक्षा करण्याची, हुद्द्याची, ज्ञानाची, आणि समोरचा आदर्श वाटतो त्यातून येणारी. यातले हुद्दा आणि ज्ञान एकाच माणसात आले की काय होतं? एक कॉकपिट बघूया.

२७ मार्च १९७७, कॅनरी बेटांमधलं टेनेरीफ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे विमानं इकडे वळवलेली. एकच रनवे आणि दाट धुकं. केएलएमचं ७४७ टेक-ऑफसाठी एका टोकाला उभं, आणि पॅन ॲमचं ७४७ त्याच रनवेवरून समोरून हळूहळू येतंय. केएलएमचा कॅप्टन साधासुधा नव्हे, कंपनीच्या जाहिरातीत फोटो असलेला, इतरांना ७४७ शिकवणारा. शेजारच्या को-पायलटची ७४७ ची परीक्षा दोनेक महिन्यांपूर्वी त्यानेच घेतलेली!

कॅप्टनने थ्रॉटल पुढे केले तेव्हा को-पायलट म्हणाला, अजून क्लिअरन्स मिळालेला नाही. कॅप्टन म्हणाला, माहितेय, माग तू. टॉवरने पुढच्या मार्गाचा क्लिअरन्स दिला, टेक-ऑफचा नाही. तरी कॅप्टन निघाला, आणि या वेळी को-पायलटने त्याला अडवलं नाही. (एक्स्टर्नलला एकदा टोकल्यावर पाच मिनिटांत परत टोकून बघा, म्हणजे कळेल.) त्यातच रेडिओवर दोन संदेश एकाच वेळी आले आणि नेमकं महत्त्वाचं नीट ऐकू आलं नाही.

आता आपला माणूस, म्हणजे फ्लाइट इंजिनीअर. पॅन ॲमचं पुढचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. त्याने विचारलं, ते विमान अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. इंजिनीअर गप्प बसला. काही सेकंदांत टक्कर झाली. ५८३ माणसं गेली.

यात फक्त भीती होती असं मला वाटत नाही. इतका जाणकार माणूस म्हणतोय म्हणजे आपणच चुकीचं ऐकलं असेल, असंही वाटून जातं. म्हणजे हुद्दा तोंड बंद करतो, आणि ज्ञानाचा दरारा कानावरचा विश्वासच काढून घेतो. दुसरं फारच डेंजर! सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली उलटी बाजू मांडली. खालचा माणूस वरच्याकडे बारीक लक्ष ठेवतो, कारण त्याचं भलंबुरं वरच्याच्या हातात असतं. वरच्याला तशी गरज पडत नाही, म्हणून तो खालच्याला एका ठराविक साच्यातच बघतो. हॉस्टेलमध्ये सीनियरचा मूड अख्ख्या फ्लोअरला पाठ असतो. सीनियरला मात्र ज्युनिअरचं नावही माहीत नसतं, नुसता ‘ए फर्स्ट इयर’.

१९७९ मध्ये नासाने यावर वर्कशॉप घेतलं आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी ट्रेनिंग सुरू केलं. त्याला आज क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. ज्युनिअरने शंका स्पष्ट शब्दांत बोलायची, आणि उत्तर पटलं नाही तर परत बोलायची, याची त्यात प्रॅक्टिस असते. कॅप्टनलाही ट्रेनिंग असतंच, ते ऐकून घ्यायचं.