गुन्हेगारशास्त्र व सुधारसेवा : जालन्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासक्षेत्र

पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न जालना जिल्ह्यातील तरुण-तरुणींपुढे दरवर्षी उभा राहतो. शिक्षक, वकील, पोलीस उपनिरीक्षक हे मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. गुन्हेगारशास्त्र व सुधारसेवा या अभ्यासक्षेत्राकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष जाते. जे वळतात त्यांपैकी काहीजण या विषयाकडे पोलीस भरतीची पूर्वतयारी म्हणून पाहतात. त्यांची निराशा होण्याचा संभव आहे. गुन्हेगार कसा पकडावा यापेक्षा, गुन्हा का घडला आणि तो करणाऱ्या माणसाचे पुढे काय करावे, हे या शास्त्राचे मुख्य प्रश्न होत.

आपल्या देशात या विषयाच्या उच्च शिक्षणाचा पाया स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात घातला गेला. १९३६ साली मुंबईत स्थापन झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याच्या अंतर्गत त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. १९५९ मध्ये सागर विद्यापीठाने गुन्हेगारशास्त्र व न्यायसहायक विज्ञान यांचा विभाग सुरू केला. मराठवाड्याच्या विद्यार्थ्यास आता फार दूर जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था २००९ पासून, तर महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१७ पासून कार्यरत आहे. समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य अथवा विधी यांपैकी कोणत्याही शाखेतून या क्षेत्रात प्रवेश करता येतो.

शिक्षेऐवजी विश्वासाने माणूस सुधारतो काय, याचा एक धाडसी प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीवर झालेला आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे हीच प्रेरणा होती. मुक्त कारागृहाची पद्धत पुढे शासनानेही स्वीकारली. जालन्याच्या शेजारी पैठण येथे असे कारागृह आहे आणि तेथील बंदी शेतीकाम करतात.

परंतु सुधारसेवेचा खरा कस मुक्त कारागृहात लागत नाही, तो जिल्हा न्यायालयाच्या आवारात लागतो. १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम पाहावा. एकवीस वर्षांखालील तरुण जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास, परिवीक्षेवर सोडणे इष्ट होणार नाही अशी खात्री पटल्याखेरीज न्यायालयाने त्यास कारावास देऊ नये, आणि दिल्यास कारणे नमूद करावीत, असे कलम ६ सांगते. त्यासाठी न्यायालय परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविते. त्या दोन-चार पानांवर एखाद्या मुलाचे सारे आयुष्य अवलंबून असते.

आता असा अहवाल लिहिणारा गावी गेला आणि घराला कुलूप आढळले, असे समजू. ‘कुटुंबाचा ठावठिकाणा नाही’, अशी नोंद करणे सोपे आहे. पण घनसावंगी किंवा मंठा तालुक्यात वाढलेल्या विद्यार्थ्यास ठाऊक असते, की ऊसतोडीच्या हंगामात कुलूप असणे म्हणजे कुटुंब नसणे नव्हे. मुकादम कोण, टोळी कोणत्या कारखान्यावर गेली, म्हातारी आजी कोणाच्या आश्रयास आहे, हे तो विचारील. गृहभेटीचे तंत्र महाविद्यालयात शिकविले जाते. कुलपाचा अर्थ मात्र ज्याने ते गाव पाहिले आहे त्यालाच लावता येतो.

जामिनाचेही तसेच आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन होते, म्हणजे त्यांच्या खटल्यांचा निकाल लागावयाचा होता. जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत परप्रांतीय कामगार मोठ्या संख्येने राबतात. त्यांपैकी एखाद्यावर हाणामारीचा गुन्हा दाखल झाला आणि जामीनही मंजूर झाला, तरी सातबारा वा ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहणारा जामीनदार तो कोठून आणणार? सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी या अडचणीची दखल घेतली. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबत असल्यास ती अट घालू नये, असे सुचविले. सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे, असेही सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत घालविल्यास तिला बंधपत्रावर सोडावयाचे असते. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले यांस हा लाभ नाही. गरीब बंद्यांना आर्थिक साहाय्य देणारी केंद्राची योजनाही २०२३ पासून आहे.

तरतुदी आहेत, त्या योग्य बंद्यापर्यंत पोहोचविणारी प्रशिक्षित माणसे थोडी आहेत. दिवस मोजणे, कागद जुळविणे, दूरच्या नातेवाइकास त्याला समजेल अशा भाषेत पत्र लिहिणे, हे काम वकिलाच्या धावपळीत मागे पडते.

पदवी हाती येईपर्यंत थांबण्याची मात्र आवश्यकता नाही. विधी अथवा समाजकार्याचे शिक्षण घेत असतानाच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करता येतो. निवड झाल्यास प्रशिक्षण मिळते. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनी सुटीत एखादा आठवडा न्यायालयात बसावे. बालकांसंबंधीची व बंद दालनात चालणारी प्रकरणे वगळता सुनावणी खुली असते. बरोबर एक वही न्यावी, आणि जामीन मंजूर होऊनही किती आरोपी त्या दिवशी घरी जाऊ शकले नाहीत, एवढेच टिपून ठेवावे.